लोणच्याची बरणी आणि गावोगावचे हवापाणी

संसाराच्या सामानातील सर्वांत जपून न्यावयाची वस्तू कोणती, असे बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या कुटुंबातील गृहिणीस विचारले, तर ती दागिन्यांच्या डब्याआधी लोणच्याच्या बरणीचे नाव घेण्याचा संभव आहे. पलंग-कपाटे ट्रकमध्ये चढतात, भांडीकुंडी पोत्यांत बांधली जातात. बरणी मात्र तोंडाला दुहेरी दादरा बांधून, जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर बसवून, आगगाडीच्या डब्यात पायांपाशी ठेवली जाते. ती नव्या गावी सुखरूप पोहोचली म्हणजे निम्मे घर लागले असे वाटते.

खरी अडचण पुढच्या उन्हाळ्यात उभी राहते. कैऱ्या नव्या गावच्या, तेल नव्या गावचे, ऊनही नव्या गावचे. कृती मात्र जुनीच, आईकडून किंवा सासूबाईंकडून आलेली. दिल्लीला गेलेल्या कुटुंबाचे लोणचे बहुधा उत्तम साधते. तीच कृती कोलकात्यास केली, तर आषाढात बरणीच्या तोंडाशी करड्या बुरशीची साय दिसू लागते. मग दोष कधी कैरीला दिला जातो, कधी मिठाला, कधी घालणारीच्या हाताला आणि कधी कोणाच्या तरी विटाळाला. वस्तुतः यांतील बहुतेकांचा त्या बुरशीशी काही संबंध नसतो. लोणचे का टिकते हे समजले, म्हणजे ते का नासते हेही समजते; आणि तेच सूत्र हाती घेऊन देशभर हिंडले, तर प्रत्येक प्रांताच्या बरणीत तेथील हवापाण्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भरून ठेवलेले आढळते.

अन्न नासते ते मुख्यतः सूक्ष्म जीवांमुळे. बुरशी, किण्वे आणि जंतू ही मंडळी हवेत, हातावर, फळाच्या सालीवर सर्वत्र असतात. त्यांना वाढण्यासाठी ओलावा लागतो. बुरशीला हवाही लागते. बहुतेक उपद्रवी जंतूंना आंबटपणा सोसत नाही. टिकाऊ पदार्थ करणे म्हणजे या सोयींपैकी एक किंवा अनेक त्यांच्यापासून काढून घेणे होय. त्यासाठी घराघरांतून पाच साधने वापरली जातात : मीठ, आंबटपणा, तेल, साखर आणि ऊन. जगातील कोणतेही लोणचे, मुरंबा, पापड, सांडगे किंवा सुकवलेली भाजी घेतली, तरी ती या पाचांपैकी काहींच्या आधारानेच उभी असते.

महाराष्ट्रातील कैरीचे लोणचे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कैरी धुतल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली किंवा सावलीत पसरतात, कारण सालीवर राहिलेले पाणी म्हणजे बुरशीला दिलेले आमंत्रण. फोडींना मीठ आणि हळद चोळली की काही तासांत त्यांना पाणी सुटते. मीठ फोडीतील ओलावा बाहेर ओढून घेते आणि स्वतः आत शिरते. उरलेले पाणीही मिठाने इतके बांधले जाते, की ते सूक्ष्म जीवांच्या उपयोगी पडत नाही. या खारट-आंबट पाण्यालाच खार म्हणतात, आणि लोणच्याचे आयुष्य या खारावर अवलंबून असते. फोडी खाराखाली बुडालेल्या असाव्यात हा जुन्या बायकांचा आग्रह अगदी शास्त्रशुद्ध आहे. वर डोकावणाऱ्या फोडीवरच बुरशी प्रथम धरते. मिठाचे प्रमाण घरोघर निराळे असले, तरी फोडींच्या वजनाच्या सहाव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंत ते असते. जिभेला जास्त वाटणारे हे मीठ चवीपुरते घातलेले नसून वर्षभराच्या राखणीसाठी घातलेले असते.

दुसरा राखणदार कैरीच्या अंगचाच आहे. आंबटपणा मोजण्याची शास्त्रज्ञांची एक पट्टी असते. तीवर शुद्ध पाणी ७ वर येते आणि पदार्थ जितका आंबट तितका आकडा खाली उतरतो. बंद डब्यातील अन्नात घातक विष निर्माण करणारा बोटुलिनम नावाचा जंतू ४.६ च्या खाली वाढू शकत नाही. कच्ची कैरी साधारणतः ३ च्या आसपास असते, लिंबू त्याच्याही खाली. म्हणून कैरी आणि लिंबू ही लोणच्याची फळे ठरली. ज्यांना अंगचा आंबटपणा नाही अशा भाज्यांना तो बाहेरून द्यावा लागतो किंवा बरणीतच तयार व्हावा लागतो.

नंतर मोहरीची डाळ, तळलेली मेथी, हिंग आणि तिखट यांची पाळी. मोहरीचा झणका कोरड्या पुडीत नसतो. मोहरी कुटून तिला ओलावा मिळाला, की तिच्यातील दोन द्रव्ये एकत्र येतात आणि नाकात जाणारे ते तिखट तेल जन्म घेते. ‘मोहरी फेसणे’ हा शब्दप्रयोग याच क्रियेचा. हे तिखट तेल सूक्ष्म जीवांना रोखण्यास मदतही करते. मात्र ते घडवून आणणारे द्रव्य उष्णतेने निकामी होते. म्हणूनच फोडणी पूर्ण निवल्यावर ओतावी असा नियम आहे. गरम फोडणीने मोहरीचा झणका जातो आणि फोडीही मऊ पडतात. शेवटी बोटभर तेल वर येईल असे पाहतात. तेल स्वतः फारसे जंतू मारीत नाही. ते हवेची वाट अडवते, आणि हवेवाचून बुरशी वाढत नाही.

मग लोणचे मुरते. मीठ-मसाला फोडीच्या गाभ्यापर्यंत पोहोचावयास आठवडे लागतात, आणि तेथे घाई चालत नाही. अनुभवी माणसास आपण ‘मुरलेला’ म्हणतो, ती उपमा या बरणीतूनच आलेली आहे.

या पाच साधनांपैकी कोणते किती वापरावयाचे, हे हवापाणी ठरवते. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळत असतो आणि हवा दमट असते. तेथील घराला पावसाळ्यापूर्वीची बेगमी, म्हणजेच आगोट, ही जीवनावश्यक बाब होती. फणसाची पोळी, आंबापोळी, सांडगी मिरची, आमसुले ही सारी वाळवणे वैशाखातील उन्हात उरकावयाची. आमसूल करताना रातांब्याची साल त्याच फळाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवतात, म्हणजे ओलावा उडत जातो आणि आंबटपणा साठत जातो. रातांब्याचे आगळ केवळ मीठ आणि अंगचा आंबटपणा यांच्या बळावर तेलावाचून टिकते. समुद्रकाठी मीठ मुबलक आणि तेलबिया थोड्या, हे या कृतींवरून नकाशा न पाहताही कळावे.

खाली गोव्यात उतरले, की आंबटपणाची जबाबदारी माडाच्या सुरेपासून केलेल्या शिर्क्याकडे जाते. पोर्तुगिजांच्या संसर्गाने तेथे मासळी आणि कोळंबीही बरणीत गेली. सुक्या खाऱ्या मासळीचे पारे आणि कोळंबीचे बालशांव हे पदार्थ शिर्का, मीठ आणि लाल मिरची यांवर उभे आहेत. ती लाल मिरचीही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांतूनच सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वीच्या लोणच्यांचे तिखट मिरे, आले आणि मोहरी यांचेच असले पाहिजे. आज जिच्यावाचून लोणच्याची कल्पनाही करवत नाही, ती मिरची आपल्या बरणीत अवघी चार-पाचशे वर्षांची पाहुणी आहे.

केरळात पाऊस कोकणापेक्षाही लवकर येतो. तेथे अगदी कोवळ्या कैऱ्या देठाचा तुकडा राखून, चीक वाया न घालवता, अखंडच मिठाच्या पाण्यात बुडवतात. त्यांच्या भांड्याचे नाव ‘भरणी’. मराठी बरणीची ती सख्खी बहीणच. शेजारच्या तमिळनाडूतील वडुमांगाय याच कुळातले आहे. त्यात बारीक कैऱ्या मिठाने सुरकुततात आणि त्यांवर अनेक घरी एरंडेलाचा हात फिरवतात. ताकात भिजवून वाळवलेल्या तमिळ मोरमिळगाय मिरच्या आणि आपली सांडगी मिरची यांचे साम्य तर कोणाच्याही ध्यानात येईल. तंजावरास १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात शरभेंद्र पाकशास्त्र हा पाकग्रंथ जतन केलेला आहे. दोन भाषांची स्वयंपाकघरे पावणेदोनशे वर्षे एकमेकींच्या शेजारी नांदल्यावर पदार्थांची देवघेव झाली नसती तरच नवल.

आंध्रातील आवकाय हे उन्हाळ्यातील कडक उन्हाचे अपत्य. तेलुगूत ‘आव’ म्हणजे मोहरी आणि ‘काय’ म्हणजे कच्चे फळ. कैरीचे कोयीच्या कवचासह मोठे तुकडे करतात. ते कवच फोडीला धरून ठेवते आणि वर्षभर तिला मऊ पडू देत नाही. मोहरीची पूड, तिखट आणि मीठ मुक्त हस्ताने घालून वर तिळाचे तेल ओततात. जेथे तीळ पिकतो तेथे तिळाचे तेल आणि जेथे सरसू पिकते तेथे सरसूचे, हा साधा भूगोल येथे दिसतो. महाराष्ट्राचा कल बहुधा शेंगदाण्याच्या तेलाकडे. बदलीच्या गावी मराठी लोणच्याची चव ‘निराळी लागते’ असे म्हणतात, त्याचे अर्धे उत्तर या तेलाच्या घाण्यात सापडते.

गुजरातेत ऊन आणि साखर यांची जोडी जमली. छुंदो करताना किसलेली कैरी मीठ-हळद लावून साखरेत मिसळतात आणि पातेल्याच्या तोंडाला पातळ फडके बांधून कित्येक दिवस उन्हात ठेवतात. चूल न पेटवता पाक एकतारी होतो, कारण कोरड्या हवेत उन्हाने पाणी हळूहळू उडून जाते. बडोद्याच्या मराठी घरांतून छुंदो आणि साखरांबा एकाच फळीवर नांदताना दिसतात. दोन्हींचे तत्त्व एकच. मात्र छुंद्याला कोरडे ऊन लागते, आणि ते कोकणात आंब्याच्या दिवसांत भरवशाने मिळत नाही. म्हणून कोकणातील साखरांब्याला चूल पेटवावी लागते.

राजस्थानच्या वाळवंटात फळे थोडी. तेथे केर नावाच्या काटेरी झुडुपाची कडवट फळे ताकात किंवा मिठाच्या पाण्यात काही दिवस भिजवून त्यांचा कडवटपणा काढतात आणि मग ती लोणच्यात घालतात. खेजडीच्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून वर्षभर ठेवतात. दुष्काळाच्या प्रदेशात निसर्गाने दिलेले कडूही टाकून देता येत नाही, हे त्या बरणीतून समजते. काश्मीरचा प्रश्न नेमका उलट. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि मळे झाकले जातात. म्हणून वांगी, दुधी, टोमॅटो उन्हाळ्यात कापून, दोऱ्यांत ओवून वाळवतात. अशा वाळवलेल्या भाज्यांना तेथे होख स्यून म्हणतात.

पंजाबात हिवाळा हाच भाज्यांचा मोसम. फुलकोबी, गाजर आणि सलगम यांचे गोड-आंबट लोणचे तेथे घातले जाते. या भाज्यांना अंगचा आंबटपणा नाही; म्हणून सरसूचे तेल आणि मोहरी यांच्या जोडीला गूळ आणि शिर्का येतो. काळ्या गाजरांच्या कांजीत तर शिर्काही नसतो. पाणी, मीठ आणि मोहरी यांत गाजरे घालून बरणी काही दिवस उन्हात ठेवली, की दुग्धाम्ल निर्माण करणारे उपकारक जंतू आपले काम करतात आणि आंबटपणा आतच तयार होतो. दह्याला विरजण लागते त्याच जातीची ही क्रिया. पचरंगा लोणचे १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांबरोबर पानिपतास आले आणि तेथलेच होऊन गेले. घरदार, शेतीवाडी मागे टाकून येताना ज्या थोड्या गोष्टी कोणी हिरावून घेऊ शकत नाही, त्यांत हाताला ठाऊक असलेली कृती ही एक असते.

पूर्वेकडे वळले की हवा पुन्हा दमट होते. बंगालमधील कासुंदी ही आंबवलेल्या मोहरीची चटणी. ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे पावसापूर्वी घालण्याची परंपरा आहे. बंगाली बोरांचे लोणचे गुळाच्या दाट पाकात बसते. कोलकात्याच्या मराठी गृहिणीला पडलेल्या कोड्याचा उलगडा येथेच होतो. तेथे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते, की वारंवार उघडलेल्या बरणीतील खार वरच्या वर पातळ होत जातो. दिल्लीचा कोरडा उन्हाळा जे काम फुकट करून देतो, ते तेथे अधिक मीठ, अधिक तेल, लहान बरण्या आणि उघडीप मिळताच दाखवलेले ऊन यांनी करावे लागते. शेजारच्या बंगाली बाईस विचारले असते, तर तिने हे पहिल्याच वर्षी सांगितले असते.

ईशान्येकडील डोंगराळ भागात तेलही नाही आणि पुष्कळ ठिकाणी मीठही नाही, तरी अन्न टिकते. आसामची खोरिसा आणि मणिपूरचे सोइबुम हे बांबूच्या कोवळ्या कोंबांचे आंबवलेले प्रकार. सिक्कीममध्ये मोहरीची किंवा मुळ्याची पाने कोमेजवून, ठेचून, भांड्यात दाबून आंबवतात आणि मग वाळवतात, तोच गुंद्रुक. घट्ट दाबल्याने हवा निघून जाते, आंबटपणा आतून येतो, आणि शेवटी ऊन ओलावा नेते. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसांनी मिठावाचून हाच किल्ला उभारला.

साखरेचे तत्त्व मिठासारखेच. मुरंब्यात साखर पाण्याला बांधून ठेवते. पाकातील विद्राव्य घटकांचे प्रमाण शेकडा ६८ च्या आसपास गेले, की बहुतेक सूक्ष्म जीवांचा निरुपाय होतो. मोरावळ्यासाठी आवळे टोचून घेतात, ते पाक आत शिरावा म्हणून. पाक मात्र पायरीपायरीने दाट करावा लागतो. एकदम दाट पाकात टाकलेला आवळा आपले पाणी झपाट्याने गमावून सुरकुततो, आणि साखर आत शिरतच नाही. आग्र्याच्या पेठ्यासाठी कोहळ्याचे तुकडे चुन्याच्या निवळीत ठेवतात. चुना त्या तुकड्यांना घट्टपणा देतो, म्हणून ते पाकात शिजूनही विरघळत नाहीत. बंगालातील सिउडी हे गाव मोरब्ब्यासाठीच प्रसिद्ध आहे. मुरंबा, मोरब्बा, मुरब्बा ही सारी एकाच अरबी शब्दाची रूपे, तर ‘लोणचे’ हा शब्द लवणाच्या घराण्यातला. उत्तरेत रूढ असलेला ‘अचार’ फारसीतून आला, आणि तो तेथेच थांबला नाही. मलेशियात तो आचार आहे, फिलिपिन्समध्ये आचारा, आणि मॉरिशसमध्ये आशार. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत मराठी माणसेही होती. त्या बेटावर आजही हळद-मोहरी लावलेल्या भाज्यांचा आशार जेवणात असतो.

प्रवास आणि लोणचे यांचे नाते तर फार जुने आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात राहून गेलेला इब्न बतूता याने येथील लोक कच्चे आंबे आणि आले मिठात घालून जेवणाबरोबर खातात, असे नमूद केले आहे. पुढे चीनकडे जाताना एका राजकन्येने त्याला ज्या वस्तू भेट दिल्या, त्यांत आले, मिरे, लिंबे आणि आंबे मिठात घालून भरलेल्या, समुद्रप्रवासाला उपयोगी अशा मोठ्या बरण्या होत्या. त्याने त्यांना मर्तबान म्हटले आहे. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, मर्तबान बंदरातून या झिलईदार बरण्या दूरदूर जात. हिंदी भाषकांच्या घरी बरणीला आजही मर्तबानच म्हणतात. आपल्याकडे दूधात पीठ मळून केलेल्या दशम्या आणि त्यांवर लोणच्याची फोड, ही प्रवासाची शिदोरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शिळ्या अन्नाची भीती असलेल्या उन्हाच्या देशात वाटेवर विश्वासाने खाण्याजोगी गोष्ट हीच होती.

यावरून प्रवाशाने एक धडा घ्यावयास हरकत नाही. नव्या प्रांताची ओळख करून घ्यावयाची, तर उपाहारगृहाच्या फलकावरून ती अर्धवटच होते. तेथील बाजारात उन्हाळ्यात काय ढिगाने येते, गच्चीवर काय वाळत असते आणि फळीवरच्या बरणीत काय आहे, हे पाहावे. तेथील पावसाचा, पिकाचा, टंचाईचा आणि स्थलांतराचा इतिहास त्या बरणीत सापडतो.

एक नाजूक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. लोणच्याभोवती नियमांचे मोठे कुंपण असे. ओला हात लावू नये, ओला चमचा घालू नये, कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नये, दादऱ्याचे फडके कोरडे असावे, हे नियम अक्षरशः खरे आहेत. त्या प्रत्येकामागे वर सांगितलेले कारण आहे. पण त्यांच्याच रांगेत आणखी एक नियम येऊन बसला : मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीने बरणीला शिवू नये, शिवल्यास लोणचे नासते. याला कोणताही आधार नाही. लोणचे नासते ते ओलाव्याने, कमी मिठाने आणि उघड्या राहिलेल्या फोडीने. बुरशीला स्पर्श करणाऱ्याची शुचिता कळत नाही. तिला फक्त पाणी कळते. जिने कैऱ्या पुसल्या, फोडी केल्या, मोहरी कुटली, तिलाच चार दिवस त्या बरणीपासून दूर लोटावयाचे, आणि पावसाळ्यात लोणचे बुरसले की तिच्याकडेच संशयाने पाहावयाचे, असा अन्याय कित्येक घरांतून झाला. दादरा ओला राहिला होता की काय, हे पाहण्याचे मात्र राहून गेले. कारण न कळता पाळलेला नियम अशा रीतीने दुहेरी नुकसान करतो. निर्दोष माणसाला दोष लागतो आणि खरी चूक पुढच्या वर्षी पुन्हा होते.

याच्या उलट चूक आज अधिक आढळते. प्रकृतीच्या काळजीने मीठ आणि तेल कमी करावे, हा वैद्यकीय सल्ला योग्यच आहे. परंतु निम्म्या मिठाचे लोणचे जुन्याच रीतीने वर्षभर फळीवर ठेवले, तर राखणदारास काढून टाकून दार उघडे ठेवल्यासारखे होते. कमी मिठाचे लोणचे थोडे करावे, शीतकपाटात ठेवावे आणि लवकर संपवावे. लसणीसारखा आंबटपणा नसलेला पदार्थ नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणे तर धोक्याचे आहे. तेलाखाली हवा नसते आणि बोटुलिनम जंतूला नेमके तेच हवे असते. तेथे लिंबाचा रस किंवा शिर्का पुरेसा घातलाच पाहिजे. ज्या बरणीत बुरशी खोलवर गेली आहे, वास पालटला आहे किंवा ज्या बंद डब्याचे झाकण फुगले आहे, त्यातील पदार्थ चाखूनही पाहू नये.

हे ज्ञान पूर्वी हातात आणि डोळ्यांत असे. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’ने हजार पाकक्रिया छापून ते मराठी घरांत पोहोचवले, १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने ते वाटी-चमच्याच्या मापात बसवले. १९५० मध्ये म्हैसूर येथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था स्थापन झाली. फळांपासून केलेल्या विक्रीच्या पदार्थांसाठी १९५५ मध्ये सरकारी नियम आले, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पुढे त्यांची जागा घेतली. विकतच्या बरणीवर घटक आणि मुदत छापलेली असते, ही ग्राहकाच्या हिताची मोठी सोय आहे. ज्या घरात दोघेही नोकरीला जातात, तेथे वैशाखातील दुपार कैऱ्या पुसण्यात घालवा असे कोणी म्हणू नये. गावोगावच्या स्त्रियांच्या गृहोद्योगांना तर या विकतच्या बरणीने रोजगारही दिला आहे.

तथापि विकतची बरणी सर्वत्र एकसारखी असावी लागते, आणि घरची बरणी त्या त्या गावच्या हवेशी बोलून ठरते. वर्षातून एकदा किलोभर कैऱ्यांचे का होईना, पण घरी लोणचे घालणाऱ्या कुटुंबातील मुलांना आपल्या गावी ऊन कधी तापते, पाऊस कधी येतो, बाजारात कोणत्या आठवड्यात कैरी घट्ट असते, हे शिकवावे लागत नाही. त्यांना ‘मीठ इतके का?’ असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचे उत्तर ‘आमच्याकडे असेच असते’ असे न देता खरे कारण सांगितले, तर कृती आणि कारण दोन्ही एकदमच पुढच्या पिढीला मिळतात. मग त्या मुलांची बदली उद्या गुवाहाटीस झाली काय किंवा जोधपुरास झाली काय, आजीची कृती तेथे कशी बदलावयाची हे त्यांना आपोआप सुचेल.

कोलकात्यास गेलेल्या त्या कल्पित गृहिणीची गोष्ट येथे पुरी करावयास हरकत नाही. पहिल्या वर्षीची बरणी तिला फेकावी लागली. दुसऱ्या वर्षी तिने शेजारणीस विचारले, मीठ थोडे वाढवले, एका मोठ्या बरणीऐवजी चार लहान बरण्या भरल्या आणि रोजच्या वापरासाठी एकच उघडली. आषाढ गेला, श्रावण गेला; उरलेल्या तिन्ही बरण्या गणपतीपर्यंत स्वच्छ राहिल्या. त्यांतील एक तिने शेजारणीच्या घरी पोहोचती केली, आणि परत येताना तिच्या हातात कासुंदीची बाटली होती.